स्टॅट्सगुरू : आकडे चोख, प्रश्न मात्र नीट विचारा

गावसकर की तेंडुलकर हा वाद पेटला की कोणीतरी ईएसपीएन-क्रिकइन्फो या संकेतस्थळाच्या स्टॅट्सगुरू या आकडेवारी शोधायच्या साधनावरून कसोटी सरासरी काढून तोंडावर फेकतं. 51.12 विरुद्ध 53.78. साधन फुकट आहे आणि 1877 पासूनची प्रत्येक कसोटी त्यात आहे. पण वरवरचा आकडा उचलला की हमखास गल्लत होते.

गावसकरांचंच घ्या. वेस्ट इंडीजविरुद्ध 27 कसोटी, 2749 धावा, सरासरी 65.45, 13 शतकं. हा तक्ता संघाच्या नावाने बनतो, गोलंदाजांच्या नाही. 'सिरीज ॲव्हरेजेस' निवडा, मग खरं चित्र उलगडतं. 1971 च्या 774 धावा झाल्या तेव्हा वेस्ट इंडीजचे वेगवान गोलंदाज हॉल-ग्रिफिथ संपले होते आणि रॉबर्ट्स-होल्डिंग यायचे होते. 1978-79 च्या 732 धावा केरी पॅकरच्या बंडखोर स्पर्धेत गेलेल्या खेळाडूंशिवायच्या संघाविरुद्धच्या. मार्शल आणि होल्डिंग हे दोघेही वेगवान गोलंदाज समोर होते त्या 1983 आणि 1983-84 च्या दोन मालिका वेगळ्या काढल्या, तर 11 कसोटींत 745 धावा, सरासरी 41.39, तीन शतकं. 65 पेक्षा हा आकडा लहान दिसतो, पण त्या माऱ्यापुढे सलामीला जाणाऱ्याचा म्हणून माझ्या मते जास्त वजनदार.

इथेच एक सापळा आहे. फक्त सलामीचे डाव हवेत म्हणून फलंदाजीचा क्रमांक 1-2 लावलात, तर चेन्नईतले नाबाद 236 गायब होतात. त्या डावात ते चौथ्या क्रमांकावर आले होते. धावफलक शून्यावर दोन बाद, म्हणजे काम सलामीचंच! फिल्टरला हे कळत नाही. म्हणून 'इनिंग्ज बाय इनिंग्ज' यादी डोळ्यांखालून घालायचीच.

वेगळ्या काळातल्या फलंदाजांची तुलना करायची, तर ब्रॅडमनसाठी रीत वेगळी. खेळाडू न निवडता मुख्य फॉर्मवर तारखा 1928 ते 1948 घाला, क्रमांक 1 ते 7, गट 'ओव्हरऑल'. आलेली सरासरी ही त्या काळची मोजपट्टी (त्यातून ब्रॅडमनच्या धावा आणि बाद डाव वजा करायला विसरू नका, नाहीतर ती फुगते). हेच तेंडुलकरच्या 1989 ते 2013 साठी करा आणि प्रत्येकाची सरासरी आपापल्या मोजपट्टीने भागा. ब्रॅडमनच्या मालिकांत बॉडीलाइनची, म्हणजे इंग्लंडने अंगावर चेंडू टाकण्याचं तंत्र वापरलं ती, 1932-33 ची मालिका सर्वांत खाली आहे, तीही 56.57 ची.

उणिवा ठसठशीत आहेत. खेळपट्टी झाकलेली होती की उघडी, यासाठी फिल्टर नाही. जुन्या सामन्यांत खेळलेल्या चेंडूंची नोंद अर्धवट, त्यामुळे त्या काळच्या स्ट्राइक रेटवर वाद घालणं व्यर्थ. मोबाइलवर तो लांबलचक फॉर्म भरताना जीव मेटाकुटीला येतो. संगणकावर एकदा भरा आणि निकालाच्या पानाची लिंक जपून ठेवा. सगळे फिल्टर त्या लिंकमध्येच असतात, पुढच्या वेळी फक्त तारखा बदलायच्या.