रायझन ५ ५६००एक्स ओव्हरक्लॉक करून वापरताना: कित्येक महिन्यांनंतरचा अनुभव

एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स हा प्रोसेसर मी गेले बरेच महिने ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवून, वापरते आहे. दिवसा कोड कंपाइल करणं, अधूनमधून व्हिडिओ रेंडर, रात्री एखादा गेम. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहिते आहे, कारण बेंचमार्कचे, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्यांचे, आकडे पहिल्याच संध्याकाळी हाती येतात, पण ते सेटिंग रोजच्या वापरात टिकतं की नाही हे कळायला फार वेळ जातो.

अपेक्षा किती ठेवायची, हे आधी सांगते. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर, बसचा (त्याला बाकीच्या संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की बऱ्याचदा ३०० चा थेट ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा. म्हणजे दीडपट! आज तसं काही मिळत नाही. ५६००एक्सचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ आणि बूस्ट, म्हणजे गरजेपुरता चढणारा कमाल वेग, ४.६. तापमान, वीज आणि करंट पाहून तो क्षणाक्षणाला स्वतःच वेग वाढवत असतो. कंपनीने आपल्यासाठी फारसं काही शिल्लक ठेवलेलं नाही. जे उरलं आहे ते मिळवायचं, आणि मला ते मिळवण्यासारखं वाटतं.

सामानाचं थोडक्यात. एएमडीच्या बाजूला बी५५० किंवा एक्स५७० चिपसेटचा मदरबोर्ड चालतो, ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेलचा विचार असेल तर साधारणपणे नावात ‘के’ असलेला प्रोसेसर आणि ‘झेड’ मालिकेचा बोर्ड लागतो. ५६००एक्ससोबत येणारा छोटा कूलर मूळ वेगाला पुरतो, त्यापुढे नाही. मी टॉवर कूलर बसवला आणि मगच बायोसला, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ सेटिंग्जना, हात लावला. वॉरंटीचंही लक्षात घ्या: ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही, आणि खाली ज्या पीबीओबद्दल (एएमडीची स्वतःची बूस्ट वाढवण्याची सोय) लिहिलं आहे तेही ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोजलं जातं.

सुरुवातीला बहुतेक जण करतात तेच मी करून पाहिलं: प्रोसेसरच्या सगळ्या सहा कोअरना (आतल्या स्वतंत्र गणना-विभागांना) एकच ठरावीक वेग आणि एकच ठरावीक व्होल्टेज. ४.६ गिगाहर्ट्झ, १.२५ व्होल्टच्या आसपास. रेंडरिंगला फायदा दिसला, पण एकेकट्या कोअरवर चालणाऱ्या कामांना काहीच मिळालं नाही, कारण तिथे प्रोसेसर मुळातच तेवढा वेग गाठत होता. शिवाय व्होल्टेजची किंमत मोठी असते. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, शिवाय वेगाच्या पटीतही. १.२ वरून १.३ व्होल्टवर गेलात आणि वेग ४.५ वरून ४.७ केलात, तर वेग वाढतो साडेचार टक्क्यांपेक्षाही कमी, पण वीज आणि उष्णता वाढते सुमारे २२ टक्के. ही पद्धत मी लवकरच सोडली.

त्यानंतर सापडलं ते आजतागायत ठेवलं आहे: प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ, आणि त्याच्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर. कारखान्यात प्रत्येक चिपला सुरक्षिततेसाठी थोडं जास्तच व्होल्टेज नेमून दिलेलं असतं. कर्व्ह ऑप्टिमायझर ते कोअरनिहाय खाली आणतो. उणे ३० पायऱ्यांपर्यंत जाता येतं, आणि एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच विजेत प्रोसेसर जास्त वेगाने पळतो. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. विजेची ७६ वॅटची मूळ मर्यादा तशीच ठेवून फक्त एवढंच केलं, तरी तापमान न वाढता वेग वाढतो.

आता खरी मेहनत. सगळे कोअर उणे ३० वर टाकले तर सिनेबेंच ही रेंडरिंगची चाचणी बहुतेक वेळा आरामात पूर्ण होते, आणि काम झालं असं वाटतं. पण पूर्ण लोडवर वेग थोडा खालीच असतो. खरी परीक्षा हलक्या कामाची, जिथे एकच कोअर एकदम वर उडी मारतो. माझ्याकडे रेंडर रात्रभर चालायचा, आणि सकाळी ब्राउझरमध्ये नुसतं वाचत असताना मशीन रीस्टार्ट व्हायचं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये अशा वेळी हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या व्हेआ-लॉगरची नोंद सापडते. तिच्यातला प्रोसेसर आयडी पाहून कोणता कोअर डगमगतो ते कळतं. म्हणून कोअरसायकलर हे साधन वापरा. ते प्राइम९५ हा जड गणितं करायला लावणारा प्रोग्राम एका वेळी एकाच कोअरवर चालवतं, त्यामुळे त्या कोअरला पूर्ण बूस्ट मिळतो आणि कमजोरी उघडी पडते. रात्रभर चालू ठेवायचं, जो कोअर चुकला त्याला तीन-चार पायऱ्या परत द्यायच्या, पुन्हा चालवायचं. कंटाळवाणं आहे, पण याला दुसरा मार्ग मला दिसला नाही.

यातून एक गोष्ट समोर आली. चिपमधले जे सर्वांत चांगले कोअर असतात, एएमडीच्या रायझन मास्टर या प्रोग्राममध्ये ज्यांच्यावर खूण दिसते, त्यांचंच व्होल्टेज सर्वांत कमी उतरवता येतं. ते आधीच कमी व्होल्टेजवर जास्त वेग गाठत असतात. माझ्या चिपवर ते दोन कोअर उणे १० च्या आसपास थांबले, बाकीचे उणे २५ ला आनंदात आहेत. तुमच्या चिपचे आकडे वेगळेच येतील, त्यामुळे कुणाचेही आकडे जसेच्या तसे उचलू नका, माझेही नाहीत. बूस्टची मर्यादा जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झने वाढवता येते. मी १०० वर थांबले, कारण पुढे गेलं की याच दोन कोअरना व्होल्टेज परत द्यावं लागत होतं.

रॅम मात्र आधी उरकून घ्या. ३६०० ची डीडीआर४ रॅम एक्सएमपी प्रोफाइलवर (रॅममध्येच साठवलेल्या वेगाच्या सेटिंगवर) लावून तिची स्वतंत्र चाचणी करा, मगच प्रोसेसरकडे वळा. दोन्ही एकत्र बदलले तर दोष कोणाचा हे शोधत बसावं लागतं.

फायदा किती? विजेची मर्यादा ९५ वॅटपर्यंत वाढवल्यावर सिनेबेंच आर२३ चा आकडा ११ हजारांच्या आसपास होता तो १२ हजारांच्या जरा खाली गेला. तासाभराचा रेंडर चार-पाच मिनिटं लवकर संपतो. गेममध्ये जिथे ग्राफिक्स कार्डच पूर्ण दमलेलं असतं तिथे फरक शून्य. पण कंपाइल करताना पंखा पूर्वीसारखा ओरडत नाही, आणि मला हा फायदा त्या आकड्यांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो. पूर्ण लोडवर तापमान सत्तरीत राहतं, कमाल मर्यादा ९५ अंशांची आहे. खोली तापते त्या दिवसांत ते पाच-सहा अंशांनी चढतं, म्हणून चाचणी थंड हवेत झाली असेल तर उकाड्यात ती पुन्हा करा.

सध्या मी ७६ वॅटवर परत आले आहे. वरच्या १९ वॅटनी रेंडरला जी दोन-तीन मिनिटं वाचत होती, ती मला नको होती. कर्व्ह ऑप्टिमायझर तसाच आहे आणि कित्येक आठवडे व्हेआची एकही नोंद नाही.

शेवटचं, बायोस अपडेट केलं की ही सगळी सेटिंग्ज सहसा पुसली जातात. प्रत्येक कोअरचा आकडा कागदावर लिहून ठेवा, आणि नव्या बायोसवर तेच आकडे भरले तरी कोअरसायकलर पुन्हा एक रात्र चालवा.