नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरात ५जी: वर्षभराचा अनुभव

नागपुरात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्येच आलं. मी फोन घेतला मागच्या दिवाळीत, आणि आता घरात अजून दोघं घ्यायला निघाले म्हणून हे लिहून रायलो.

चांगलं आधी सांगतो. वर्धा रोडला मेट्रो स्टेशनखाली उभा राहून टेस्ट केली तर स्पीड ४०० एमबीपीएसच्या वर गेला, खरंच भारी वाटलं. पण आमचं घर महालात, जुनं, भिंती दीड-दोन फूट जाड. गच्चीवर फुल रेंज, जिना उतरलं का दोन कांड्या, आणि मधल्या खोलीत जिथे आई दिवसभर बसते तिथे वर ५जी लिहिलेलं असतं अन् पुण्याच्या ताईचा व्हिडिओ कॉल गोल गोल फिरत बसतो. मजा म्हणजे आईला ताई दिसते, ताईला आई दिसत नाही, नुसता आवाज जातो तोही तुटक.

कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा सेटिंग रिसेट करा एवढंच. मग मीच वाचून काढलं. आपल्याकडचं ५जी जास्त करून ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला जाड भिंत झेपत नाही. त्याहून बरंच खालचं ७०० मेगाहर्ट्झ आतपर्यंत पोचतं, पण ते सगळ्या कंपन्यांकडे नाही आणि त्यावर स्पीडही कमी मिळतो. त्यात टॉवर जोरात बोलतो, फोनचा आवाज बारीक, म्हणून आधी अपलोडच, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणारा डेटाच, मरतं. जाहिरातीत अपलोडचा आकडा कधी पाहिला का कोणी? वीस जीबीपीएस वीस जीबीपीएस (म्हणजे वीस हजार एमबीपीएस) जे म्हणतात ना, तो ५जीच्या आंतरराष्ट्रीय मानकातला कमाल आकडा आहे, त्याच मानकात शहरातल्या साध्या माणसासाठी डाउनलोडचं टार्गेट १०० एमबीपीएस आहे, ते कोणी बोर्डावर लिहीत नाही.

आणि वरच्या त्या चिन्हावर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी ५जी अजून ४जीच्याच आधारावर चालतं, त्यामुळे चिन्ह दिसलं म्हणजे डेटा ५जीवरूनच येऊन रायला असं नाही. बुधवार बाजारात संध्याकाळी भाजीचे ६० रुपये द्यायचे होते, स्कॅन केलं, चक्र फिरतंय फिरतंय, काकूंनी पिशवीचा एक बंद हातात धरूनच ठेवला, मागे चार लोक उभे. शेवटी ४जी केलं तर लगेच पैसे गेले. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले, त्यानंतर अनलिमिटेड ५जीसाठी दिवसाला निदान २ जीबीवाला प्लॅन मारावा लागला, तो मी यासाठी मारला का?

घ्यायचंच असेल तर तुमच्याच कंपनीचं सिम असलेला मित्राचा ५जी फोन रात्री ८-९ ला घरी आणा, सगळ्यात आतल्या खोलीत बसा आणि स्पीड टेस्ट नाही, व्हिडिओ कॉल लावा, समोरच्याला विचारा मी दिसतो का.

आईच्या फोनवर मी ४जी करून ठेवलं. आता ताईला आई दिसते.