सिरॅमिक चिकटवण्यापूर्वीचे एक मिनिट: एका बाटलीतल्या प्रायमरचा दहा महिन्यांचा अनुभव

पांढरकवडा परिसरात माझा लहानसा दंत दवाखाना आहे. एक खुर्ची, एक कॉम्प्रेसर आणि मदतीला एक सहायिका एवढाच पसारा आहे, आणि कॅप तयार करून देणारी लॅब दीडशे किलोमीटरवर नागपुरात आहे. गेल्या जुलैपासून या मे महिन्यापर्यंत काचयुक्त सिरॅमिकच्या सगळ्या कॅप, ऑनले (दाताचा चावण्याचा भाग झाकणारे तुकडे) आणि व्हिनियर (पुढच्या दातांवरचे पातळ पापुद्रे) मी मोनोबॉन्ड एच अँड प्राइम (Monobond Etch & Prime) हा एकाच बाटलीतला प्रायमर, म्हणजे चिकटवण्याआधी पृष्ठभाग तयार करणारे द्रावण, वापरून चिकटवले. त्याआधी काही वर्षे मी हायड्रोफ्लोरिक आम्लाची जेल आणि नंतर सिलेन ही दोन टप्प्यांची जुनी पद्धत वापरत होते. तालुक्याच्या गावी एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या दंतवैद्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

लॅबमधून आलेल्या कॅपची आतली बाजू गुळगुळीत असते, आणि गुळगुळीत पृष्ठभागावर रेझिन सिमेंट (कॅप दाताला चिकटवणारा पदार्थ) टिकत नाही. गुळगुळीत झालेल्या जात्यात पीठ नीट निघत नाही, म्हणून त्याला टाकी लावून घ्यावी लागते. सिरॅमिकच्या आतल्या बाजूला आम्ल लावणे म्हणजे नेमके तेच काम आहे, फक्त छिन्नीऐवजी फ्लोराइड ते करते. लिथियम डायसिलिकेट या काचयुक्त सिरॅमिकमध्ये सूक्ष्म स्फटिक काचेत बसवलेले असतात. आम्ल ती काच विरघळवते, स्फटिक उघडे पडतात आणि त्यांच्यामध्ये सिमेंट शिरायला जागा होते. त्यानंतर येणारे सिलेन हा दोन्हीकडे नाते असलेला रेणू आहे. त्याचे एक टोक सिरॅमिकमधील सिलिकाला धरते आणि दुसरे टोक रेझिनशी जोडले जाते. यातला पहिला भाग यांत्रिक आणि दुसरा रासायनिक आहे, आणि दोन्ही नीट झाले तरच चांगली पकड मिळते. दंतसंशोधक बुओनोकोरे यांनी १९५५ मध्ये दाताच्या एनॅमलला आम्ल लावून पकड वाढवण्याची कल्पना मांडली आणि १९८३ मध्ये सायमनसेन आणि कॅलामिया यांनी तीच वाट सिरॅमिकसाठी खुली केली. आज आपण पातळ व्हिनियर बसवू शकतो, ते या कामामुळेच.

मग जुनी पद्धत का सोडली? पकड कमी मिळत होती म्हणून नव्हे. पाच टक्क्यांच्या आसपासची हायड्रोफ्लोरिक जेल लिथियम डायसिलिकेटला २० सेकंद आणि ल्युसाइटयुक्त सिरॅमिकला ६० सेकंद लावायची, स्वच्छ धुवायची, राहिलेले क्षार काढायचे आणि मग सिलेन लावायचे, या क्रमाने मी केलेली कामे आजही रुग्णांच्या तोंडात टिकून आहेत. मला भीती होती ती आम्लाची. हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीवर सांडले तर सौम्य प्रमाणात असताना लगेच जळजळ होत नाही. ते आत शिरते, ऊतींतील कॅल्शियमला बांधते, आणि वेदना सुरू होते तेव्हा उशीर झालेला असतो. कॅल्शियम ग्लुकोनेट जेल मी कायम जवळ ठेवत असे, पण माझी सहायिका उपकरणे धुताना हातमोजे काढायची आणि मला दर वेळी तिच्याकडे लक्ष ठेवावे लागायचे. शिवाय पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर जिल्ह्याचे रुग्णालय गाठायला किती वेळ लागतो, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

नव्या द्रावणात अमोनियम पॉलिफ्लोराइड आणि सिलेन एकत्र आहेत. हिरव्या रंगाचा एक थेंब मायक्रोब्रशवर घ्यायचा, कॅपच्या आतल्या बाजूला २० सेकंद घासत फिरवायचा, पुढचे ४० सेकंद तसाच राहू द्यायचा, मग भरपूर पाण्याने धुवून १० सेकंद हवेने वाळवायचे. पाण्याबरोबर फ्लोराइड निघून जाते आणि सिलेनचा पातळ थर सिरॅमिकला चिकटून मागे राहतो. रंगाचा फायदा मला सुरुवातीला लक्षात आला नव्हता. ऑनलेच्या अरुंद कोपऱ्यात द्रावण पोचले की नाही ते हिरव्या रंगामुळे दिसते, आणि धुतल्यानंतर हिरवी छटा उरली असेल तर धुणे अपुरे झाले हेही समजते. ते ४० सेकंद मी भिंतीवरच्या घड्याळात मोजते. मनातल्या मनात मोजलेले चाळीस सेकंद पंचवीसच भरतात, हे मी स्वतः घड्याळ लावून पडताळून पाहिले आहे.

जुन्या पद्धतीची सवय असलेल्यांना एक गोष्ट खटकेल. या द्रावणाचा कोरीवपणा हायड्रोफ्लोरिक आम्लापेक्षा सौम्य आहे, त्यामुळे जुन्या आम्लाने येते तशी ठळक पांढुरकी, धुरकट झाक दिसत नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटले की काम झालेच नाही आणि मी दुसऱ्यांदा द्रावण लावण्याच्या बेतात होते. प्रयोगशाळेतील अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत: काहींत पकड जुन्या पद्धतीच्या बरोबरीची आढळली, तर काहींत हायड्रोफ्लोरिक आणि सिलेन वरचढ ठरले. म्हणूनच दाताची उंची अगदी कमी असेल आणि सारा भार केवळ चिकटण्यावर असेल, तेव्हा मी दातावरच्या तयारीत कोणतीही सूट घेत नाही. रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावता येत नसेल तर अशा दाताचे काम त्या दिवशी पुढे ढकलते.

ट्राय-इन, म्हणजे चिकटवण्याआधी कॅप बसवून पाहणे, हा या सगळ्या कामातला कच्चा दुवा आहे. कॅप तोंडात बसवून पाहिली की तिला लाळ लागतेच, आणि लाळेचा थर डोळ्यांना दिसत नाही. पूर्वी लॅबमधून आम्ल लावून आलेली कॅप मी ट्राय-इननंतर नुसती धुवून चिकटवत असे. आज मागे वळून पाहता ती चूक होती असे मी स्पष्ट म्हणेन. आता लॅबला मी लेखी कळवले आहे की आम्ल लावायचे नाही आणि लिथियम डायसिलिकेटवर वाळूचा मारा तर अजिबात करायचा नाही, कारण त्याने या सिरॅमिकला इजा होते. सगळे मोजमाप, चावा आणि रंग पाहून झाल्यावरच बाटली उघडते. हे द्रावण लाळेचा थरही काढते, ही त्याची मोठी सोय आहे. तरी आधी पाण्याने धुण्याची माझी सवय मी सोडलेली नाही.

आता जानेवारीतील प्रसंग सांगते, कारण या दहा महिन्यांत मी सर्वांत जास्त त्यातून शिकले. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी जवळच्या खेड्यातल्या एक मावशी आल्या, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि कॅप माझ्या हातावर ठेवली. "तिळाचा लाडू खाल्ला अन् टोपीच निंघाली जी, मॅडम." ती कॅप मी तीनच आठवड्यांपूर्वी बसवली होती. मी ती दिव्याखाली धरून भिंगातून पाहिली. आतली बाजू आरशासारखी स्वच्छ होती, सिमेंटचा कणही नव्हता. सगळे सिमेंट दातावर जसेच्या तसे बसलेले होते. याचा अर्थ एकच होतो: दाताने सिमेंट धरले, कॅपने धरले नाही. मी कागद काढून पाहिला. लॅबच्या चिठ्ठीवर फक्त "सिरॅमिक" असे लिहिले होते. फोन केल्यावर कळले की कॅप झिर्कोनियाची होती.

झिर्कोनियात काच नसते. त्यामुळे फ्लोराइडला विरघळवायला काही नसते आणि सिलेनला धरायला सिलिका नसते. हे द्रावण झिर्कोनियासाठी नाही असे त्याच्या सूचनांमध्ये स्पष्ट दिलेले आहे. चिठ्ठी अपुरी होती हे खरे, परंतु कॅप कशाची आहे हे विचारण्याची जबाबदारी माझी होती. मावशींची मजुरी बुडाली, एसटीचे भाडे गेले आणि वर जेवणाचे हाल झाले ते वेगळेच. मी त्यांना नव्याने काम करून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

झिर्कोनियाची वाट निराळी आहे. ५० मायक्रॉनच्या ॲल्युमिनाच्या कणांचा एक ते दोन बार दाबाने हलका मारा करायचा, नंतर एमडीपी असलेला प्रायमर लावायचा आणि मग रेझिन सिमेंट वापरायचे. एमडीपी हा फॉस्फेट गट असलेला रेणू आहे. जपानच्या कुराराय कंपनीने तो १९८१ मध्ये विकसित केला आणि झिर्कोनियाच्या ऑक्साइडशी त्याचे चांगले जमते. लाळेतही फॉस्फेट असतात आणि तेही झिर्कोनियाला तितक्याच आवडीने चिकटतात. म्हणून झिर्कोनियाची कॅप ट्राय-इननंतर फॉस्फोरिक आम्लाने साफ करू नये. एमडीपीने जिथे बसायचे ती जागा आम्लातले फॉस्फेटच अडवून बसते. त्यासाठी मिळणारी साफसफाईची खास पेस्ट तरी वापरावी किंवा ट्राय-इननंतर पुन्हा वाळूचा मारा करावा. मी फेब्रुवारीत हातात धरायचा छोटा सँडब्लास्टर घेतला तो याचसाठी.

दोन्ही पदार्थ दिसायला सारखे असले तरी ओळखता येतात. झिर्कोनियाची घनता सहाच्या आसपास आणि लिथियम डायसिलिकेटची अडीचच्या आसपास असल्यामुळे तेवढ्याच आकाराची कॅप तळहातावर ठेवली की वजनातला फरक जाणवतो. शंका उरलीच तर मी कॅप आरव्हीजीच्या (दाताच्या डिजिटल एक्स-रेच्या) सेन्सरवर ठेवून एक्स-रे काढते; झिर्कोनिया धातूसारखे पांढरेशुभ्र उमटते, लिथियम डायसिलिकेट त्यामानाने बरेच कमी पांढरे दिसते. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे मी आता स्वतःची चिठ्ठी छापून घेतली आहे, त्यावर पदार्थाचे नाव लिहिल्याशिवाय आणि लॅबने सही केल्याशिवाय मी पार्सल स्वीकारत नाही.

आणखी एक ऑनले मार्चमध्ये निघाले. त्या वेळी सिमेंट सगळे ऑनलेच्या आत होते आणि दात कोरा होता. रुग्ण खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारे, हिरड्या सुजलेल्या, आणि चिकटवताना कडेने रक्त झिरपले होते. तिथे सिरॅमिकची तयारी बरोबर होती, चुकले ते दाताच्या बाजूने. निघालेले काम धुवून टाकण्याआधी सिमेंट कोणत्या बाजूला राहिले हे पाहावे, अशी माझी सर्व सहकाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. दोष कुठे आहे ते त्यातून लगेच समजते.

हवेबद्दलही लिहिले पाहिजे. वाळवण्याची जी हवा आपण शुद्ध समजतो ती कॉम्प्रेसरमधून येते, आणि वीज जाऊन-येऊन टाकीत पाणी साचले की त्या हवेबरोबर पाण्याचे आणि तेलाचे बारीक तुषार येतात. एक मिनिट खपून तयार केलेल्या पृष्ठभागावर तेल बसले तर सगळे श्रम वाया जातात. म्हणून दर वेळी मी आधी तोंडात घालायच्या आरशावर हवा मारून पाहते. काच धूसर झाली तर टाकीचे पाणी सोडते आणि फिल्टर पाहते. आमच्याकडचे बोअरचे पाणी जड असल्याने शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने करते.

उन्हाळा हा विदर्भातला वेगळाच प्रश्न आहे. द्रावण २८ अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायचे असते आणि इथे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो. पार्सल ट्रॅव्हल्सच्या डिकीत दिवसभर तापत येऊ नये म्हणून मी रात्रीच्या गाडीने मागवते आणि पहाटे स्टँडवर माणूस पाठवते. बाटली फ्रीजमध्ये असते, वापरण्यापूर्वी खोलीच्या तापमानावर येऊ देते. सिमेंटही उन्हाळ्यात लवकर घट्ट होते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये एकापेक्षा जास्त दातांचे काम मी सकाळी नऊच्या आत घेते.

ज्यांच्याकडे बहुतेक काम लिथियम डायसिलिकेट किंवा ल्युसाइटयुक्त सिरॅमिकचे आहे आणि ज्यांना दवाखान्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल ठेवण्याची धास्ती वाटते, त्यांनी ही बाटली जरूर घ्यावी. ज्यांच्याकडे झिर्कोनियाच अधिक येते त्यांनी आधी सँडब्लास्टर आणि एमडीपी प्रायमरवर खर्च करावा.

या काळातले मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम एका महाविद्यालयीन मुलीचे आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आणि तिचे पुढचे सहा दात लहानपणापासून तपकिरी डागांनी भरलेले होते. ती बोलताना तोंडावर हात धरायची. ज्या फ्लोराइडने तिचे दात बिघडवले, त्याच फ्लोराइडच्या एका संयुगाने मी तिचे व्हिनियर आतून कोरले, हे काम करताना माझ्या मनात सारखे येत होते. अशा दातांच्या एनॅमलचा बाहेरचा थर आम्लाला सहज दाद देत नाही. म्हणून तो थर बरने (ड्रिलच्या टोकाने) अलगद काढून ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल मी नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवले, आणि एनॅमल खडूसारखे पांढरे दिसल्यावरच पुढे गेले. एकेक व्हिनियर वेगळे तयार केले, वेगळे मोजले, वेगळे चिकटवले. सहा दातांना पूर्ण सकाळ लागली. ऑगस्टमध्ये बसवलेले ते सहाही व्हिनियर परवाच्या तपासणीत घट्ट होते, कडा स्वच्छ होत्या, आणि सगळा वेळ तिचे दोन्ही हात मांडीवरच होते. पुढची तपासणी दिवाळीच्या सुट्टीत ठरली आहे.