हॉटेलसाठी पार्टनरशिप डीड: सांगलीतल्या सीए ऑफिसचा अनुभव (5 पैकी 4 स्टार)

विश्रामबागला एका सीएंच्या ऑफिसमधून आम्ही आमच्या नव्या हॉटेलचं पार्टनरशिप डीड, म्हणजे भागीदारीचा लेखी करार, करून घेतलं, त्याबद्दल लिहितोय. गेलो होतो फक्त कागद करायला, पण आमचे पार्टनरच तिथं नीट ठरले असं म्हणावं लागेल, कारण आत गेलो तेव्हा चौघं होतो आणि सह्या तिघांनी केल्या.

माझं आधी एक हॉटेल होतं मिरजेत, मित्राबरोबर. कागद काहीच नाही, लहानपणापासूनची ओळख, कशाला पाहिजे कागद. चौदा महिन्यांत बंद पडलं. धंदा बरा होता ओ, पण त्याच्या ओळखीच्यांची उधारी वाढत गेली, रोज रात्री गल्ला कोण मोजणार यावरून वाद, आणि शेवटी डीप फ्रीजर कुणाच्या पैशाचा यावरून जे तुटलं ते तुटलंच. मैत्री गेल्याचं दुःख मला अजून आहे, पैशाचं तेवढं नाही.

आता या वेळचे पार्टनर. एक वस्ताद, पंधरा वर्षं मटणाच्या हंड्यांवर उभा राहिलेला माणूस, पैसे नाहीत पण हात आहे. दुसरे अण्णा, तासगावकडचे द्राक्ष बागायतदार, त्यांचे पैसे. मी काउंटर, खरेदी आणि हिशेब बघणार. आणि चौथा माझ्या नात्यातला, तो म्हणत होता पैसे घालतो, बाकी तुम्ही बघा.

साहेबांनी पहिल्या दिवशी डीडचा विषयच काढला नाही. चौघांना वेगवेगळे कागद दिले आणि लिहायला लावलं की घरखर्चाला महिन्याला किती लागतात, हॉटेलनं पहिले आठ महिने एक रुपया दिला नाही तर चालेल का, आणि उद्या बाहेर पडायचं झालं तर पैसे किती दिवसांत परत पाहिजेत. मग सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. वस्तादनं लिहिलेलं, महिन्याला बावीस हजार लागतातच, दोन पोरं शाळेत आहेत. अण्णांनी लिहिलेलं, वर्षभर नाही मिळाले तरी चालतील. चौथ्यानं लिहिलं, मागितले की पंधरा दिवसांत पाहिजेत. त्यावर पाऊण तास बोलणं झालं, दुसऱ्या मीटिंगला तो आलाच नाही. मला वाईट वाटलं, नातं आहे, पण हे हॉटेल चालू झाल्यावर कळलं असतं तर भिंतीत घातलेले पैसे पंधरा दिवसांत काढून देणार कुठून?

मग त्यांनी जे समजावलं ते हॉटेल काढणाऱ्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. आपल्याकडे 1932 चा भागीदारी कायदा आहे, त्यात तुम्ही काही ठरवलेलं नसेल तर नफा-तोटा सगळ्यांचा सारखा, पैसे कुणी किती घातले ते बघत नाहीत, आणि काम करणाऱ्या पार्टनरला वेगळा पगार मिळत नाही. म्हणजे आमचा वस्ताद बारा-चौदा तास भट्टीपुढं उभा राहणार आणि पगार मागायचा हक्क नाही! ते ऐकून अण्णाच आधी म्हणाले, साहेब, वस्तादचे बावीस हजार आधी लिहा, मग नफ्याचं बघू. त्या क्षणी मला खात्री पटली की माणूस बरोबर निवडलाय.

अण्णांना पण एक धक्का बसला, फर्मचं देणं थकलं तर बाग, घर, सगळं अडकू शकतं, प्रत्येक पार्टनर पूर्ण देण्याला जबाबदार असतो. त्यांनी एलएलपीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं, विचारलं, साहेबांनी दोन्ही समजावलं, एलएलपीत जबाबदारी मर्यादित राहते पण दरवर्षीचं फाइलिंग करावंच लागतं, धंदा होवो न होवो. आम्ही साधी फर्मच ठेवली, कर्ज काढायचं नाही असं ठरलं होतं म्हणून, पण करंट अकाउंटला दोघांच्या सह्या लागतील असं केलं आणि फर्म रजिस्टर करायला टाकली, कारण रजिस्टर नसलेल्या फर्मला कुणी पैसे बुडवले तर कोर्टात दावा लावता येत नाही. केटरिंगच्या ऑर्डरी घेणार असाल तर हे लक्षात ठेवाच.

अजून एक कलम सांगलीकरांसाठी. 2005, 2019, 2021 चे पूर आपण बघितलेत, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला 45 फूट ही धोक्याची पातळी, ती ओलांडली की काय होतं ते सांगायला नको. पुरानं हॉटेल बंद राहिलं तर भाडं आणि पोरांचे पगार कोण किती घालणार हे डीडमध्ये आकड्यासकट लिहिलंय. पार्टनर वारला तर फर्म आपोआप मोडू नये म्हणून पण कलम टाकलं, ते लिहिताना तिघंही गप्प होतो.

जीएसटीचं सांगितलं ते पण कामाला आलं, आपण बिलावर 5 टक्के लावणार आणि किचनच्या सामानावर भरलेला जीएसटी वजा करून मिळणार नाही, त्यामुळं आमचं बजेट आधीच दुरुस्त झालं.

एक स्टार कापला तो वेळेसाठी. आठवड्याचं काम म्हणाले, साडेतीन आठवडे लागले, रिटर्नच्या सीझनमध्ये फोन पण उचलत नव्हते आणि मसुद्यात वस्तादचं आडनाव दोनदा चुकलं.

जाणार असाल तर सगळ्यांचे पॅन, आधार आणि जागेचा भाडेकरार घेऊन जा, आणि सगळे पार्टनर एकत्रच जा. मी पहिल्यांदा एकटा गेलो होतो तर त्यांनी चहा दिला आणि परत पाठवलं.