पिपिस्त्रेल व्हायरस एसडब्ल्यू ८०: उडायला सोपं, उतरवायला शिकावं लागणारं

एनसीसीच्या छात्रांना उड्डाण शिकवण्यासाठी आपल्याकडे आलेलं हे स्लोव्हेनियाचं शेजारी-शेजारी दोन आसनांचं विमान खरोखर देखणं आहे. कंपोझिट (तंतू आणि रेझिन मिळून बनलेली) बांधणी, १०.७ मीटरचा पंखविस्तार आणि ८० अश्वशक्तीचं रोटॅक्स ९१२ इंजिन. एवढ्याशा इंजिनावर ते ताशी दोनशे किलोमीटरच्या वर सहज धावतं, कारण हवेचा अडथळाच कमी. फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, शून्याच्याही वर, उणे ५ अंशांवर नेता येतात. क्रूझला, म्हणजे सरळ एकसारख्या वेगाने उडताना, तेच ठेवावं.

कमी अडथळ्याचा हाच गुण उतरताना नडतो. इंजिन मंद केलं तरी विमान खाली यायला तयार नसतं. अ‍ॅप्रोचला, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना, ताशी चार-पाच किलोमीटर वेग जास्त राहिला तरी धावपट्टीवर तरंगत राहतं. पंखांवरचे एअरब्रेक (उघडले की हवेचा अडथळा वाढवणाऱ्या पट्ट्या) वापरायची सवय पहिल्या दिवसापासून हवी. आणि टेकऑफपूर्वी ते बंद करून लॉक झाल्याची खात्री हवीच.

ऑइल मोजताना नुसती डिपस्टिक बुडवू नका. इग्निशन बंद करून प्रॉपेलर त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा, ऑइलच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. नाहीतर ऑइल इंजिनातच राहतं, पातळी कमी दिसते आणि वर उगाच जास्त ओतलं जातं. ऑइल ५० अंशांवर गेल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल नको. पंपावरचं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल अजिबात नको. रोटॅक्सची मर्यादा १० टक्के इथेनॉलची आहे.