नागपूर-कामठीच्या जुन्या लॉजची तारीख शोधायची तर : ‘लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स’चं परीक्षण

फ्रीमेसन म्हणजे आपले विधी गुप्त ठेवणारी एक जुनी बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची स्थानिक शाखा. फ्रीमेसनांच्या हॉलला आपल्याकडे लोक ‘जादूघर’ म्हणत, आणि आत काय चालतं याच्याच गप्पा होत. ते लॉज कधी निघालं, सनद कुठून आली, हे विचारलं की ‘इंग्रजांच्या काळात’ एवढ्यावर भागवलं जातं. त्या उत्तराला वर्ष आणि क्रमांक देणारी एक फुकट सोय इंटरनेटवर आहे, ती म्हणजे ‘लेन्स मेसॉनिक रेकॉर्ड्स’. टॉर्कीच्या जॉन लेन यांनी इंग्लिश ग्रँड लॉजांखालच्या (म्हणजे सनद देणाऱ्या शिखर संस्थांखालच्या) सगळ्या लॉजांची यादी १८८६ मध्ये छापली. १८९५ च्या सुधारित आवृत्तीत ती १७१७ ते १८९४ इतकी झाली. लंडनचं म्युझियम ऑफ फ्रीमेसनरी आणि शेफील्ड विद्यापीठ यांनी तीच यादी शोधता येईल अशी ऑनलाइन आणली. नागपूर-कामठीचा इतिहास लिहिणाऱ्याने पहिलं दार हेच ठोठवावं. मात्र यादी वाचायची कशी हे कळलं नाही, तर तीच चुकीची तारीख हातात ठेवते.

पहिली अडचण स्पेलिंगची. नागपूरच्या शेवटी जुन्या कागदांत ‘पी-ओ-आर-ई’ असतं, आजचं ‘पी-यू-आर’ नव्हे. कामठीत मधे ‘पी’ आणि शेवटी दोन ‘ई’ असतात, क्वचित एकच ‘आय’. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा पहिली चार अक्षरं टाकून पाहा. आणि शोध नागपूरवर थांबवू नका. कामठीची छावणी १८२१ ची. भोसल्यांचं राज्य खालसा झालं ते १८५४ मध्ये आणि मध्य प्रांत झाला १८६१ मध्ये. म्हणजे नागपुरात इंग्रजी कचेऱ्या भरायच्या आधी तीसेक वर्षं गोरे अधिकारी कामठीत होते. ही फौज मद्रास आर्मीची होती, म्हणून कामठीच्या लॉजचे धागे मद्रासकडेही शोधायचे. नकाशा बघून फक्त मुंबईत शोधणारा इथेच चुकतो.

दुसरी अडचण क्रमांकाची, आणि सगळ्यात जास्त घोळ हीच घालते. बंद पडलेल्या लॉजांचे क्रमांक रिकामे राहत. ते भरून काढायला इंग्लंडने वेळोवेळी सगळ्यांना नवे क्रमांक दिले: १७४०, १७५५, १७७०, १७८०, १७८१, १७९२, १८१४, १८३२ आणि शेवटचं १८६३. समजा, १८५५ च्या वर्तमानपत्रात कामठीच्या एखाद्या लॉजचा क्रमांक सापडला. तो १८३२ च्या मालिकेतला आहे. तोच आकडा ‘सध्याचा क्रमांक’ समजून टाकलात तर इंग्लंडमधल्या कुठल्यातरी गावचं लॉज समोर येईल, आणि नोंद इतकी व्यवस्थित दिसेल की शंकाही येणार नाही. लेनचं मोठेपण हे की प्रत्येक लॉजचे सगळे क्रमांक वर्षांसकट एका ठिकाणी मांडलेले आहेत. आकड्यासोबत वर्ष जुळतंय का एवढं पाहिलं की घोळ टळतो. १८६३ नंतर क्रमांक बदलले नाहीत, त्यामुळे तिथून पुढे क्रमांकावरूनच स्थापनेच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

तिसरी गोष्ट तारखेची. लॉजची ‘स्थापना’ ही एक तारीख नसते. आधी अर्ज होतो, मग लंडनची सनद येते, मग धान्य, मद्य आणि तेल वापरून लॉजची विधिवत प्रतिष्ठापना होते. हिंदुस्थानात आणखी एक पायरी असे: इथल्या वरिष्ठ मेसनिक अधिकाऱ्याच्या तात्पुरत्या परवान्यावर काम सुरू होई आणि लंडनचा कागद मागाहून जहाजाने येई. म्हणून स्थानिक स्मरणिकेतलं वर्ष आणि लेनचं वर्ष जुळलं नाही, तर कोणी खोटं बोलतंय असं समजू नका. खुद्द लंडनच्या क्वाटुओर कोरोनाटी लॉजचंच पाहा, क्रमांक २०७६. सनद २८ नोव्हेंबर १८८४ ची आणि प्रतिष्ठापना १२ जानेवारी १८८६ ची, कारण पहिले मास्टर (लॉजचे प्रमुख) चार्ल्स वॉरन मधल्या काळात आफ्रिकेत मोहिमेवर होते. लेनच्या नोंदीतली तारीख कुठल्या पायरीची आहे हे शब्दशः वाचा आणि लिहितानाही तसंच लिहा: ‘सनद अमुक तारखेची’. मूळ सनद पाहायला मिळाली आणि तिच्यावर ५८६६ सारखा आकडा दिसला तर त्यातून ४००० वजा करा, कारण मेसनांची ‘प्रकाशाचं वर्ष’ ही कालगणना तेवढी पुढे चालते.

‘इरेज्ड’ म्हणजे यादीतून नाव काढलं, हाही शब्द जपून घ्यायचा. छावणीच्या गावात पलटण हलली की सभासद निघून जात आणि बैठका थांबत. नाव मात्र वार्षिक अहवाल नि वर्गणी बरीच वर्षं न पोचल्यावर कटे. तेव्हा ती तारीख कागदी मृत्यूची. शेवटची बैठक त्याच्या कितीतरी आधी झालेली असू शकते.

आता उणिवा. लेनमध्ये फक्त इंग्लिश लॉजं आहेत. स्कॉटिश आणि आयरिश सनदेची लॉजं, आणि त्यांत पलटणींबरोबर फिरणारी लॉजंही आली, इथे सापडणारच नाहीत. पश्चिम हिंदुस्थानासाठी ही उणीव फार जाणवते. १८३६ नंतर स्कॉटिश मेसनांचे इथले प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यांच्यामुळे स्कॉटिश शाखा इथे जोरात वाढली, आणि भारतीय सभासदांसाठी १८४३ मध्ये मुंबईत निघालेलं ‘रायझिंग स्टार’ हे लॉजही स्कॉटिशच. कामठीचं एखादं लॉज लेनमध्ये दिसलं नाही म्हणून ‘नव्हतंच’ असं ठरवू नका, एडिंबरो आणि डब्लिनच्या ग्रँड लॉजांकडे विचारणा करा. दुसरं म्हणजे, हा सांगाडा आहे. नाव, क्रमांक, बैठकीची ठिकाणं, वर्षं मिळतील. माणसं मिळणार नाहीत.

माणसांसाठी त्याच म्युझियमची ‘मेसॉनिक पीरिऑडिकल्स ऑनलाइन’ ही दुसरी मोफत सोय जोडीला घ्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची मेसनिक नियतकालिकं त्यात आहेत, आणि हिंदुस्थानातल्या समारंभांची वार्तापत्रं वाचायला मिळतात. यंत्राने वाचलेला मजकूर असल्याने कामठीच्या ‘एम’चा ‘आर-एन’ होतो, तेव्हा तसंही टाकून बघा. सभासदांची नावं, वय आणि व्यवसाय हवे असतील तर १७५१ ते १९२१ ची इंग्लिश नोंदणीपुस्तकं ॲन्सेस्ट्री या संकेतस्थळावर आहेत, पण तिथे पैसे पडतात. आधी लेनमधून क्रमांक पक्का करा आणि मगच वर्गणी भरा, नाहीतर चाचपडण्यातच महिना संपतो.

एक खबरदारी शेवटच्या टप्प्यासाठी. २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं. जी लॉजं त्यात गेली त्यांना नवे भारतीय क्रमांक मिळाले, काही मात्र जुन्या सनदेवरच राहिली. आज नागपुरात दारावर किंवा निमंत्रणपत्रिकेवर दिसणारा क्रमांक भारतीय असेल तर तो लेनच्या शोधपेटीत टाकून उपयोग नाही. सचिवांकडे १९६१ पूर्वीच्या सनदेचा क्रमांक मागा. बहुतेक वेळा जुन्या मिनिट बुकाच्या पहिल्याच पानावर तो लिहिलेला असतो.