कोव्हेंट्री सिटीचं स्टेडियम: मॅच मस्त, मालकीची भानगड विचारू नका

जेएलआरमुळे (टाटांची जग्वार लँड रोव्हर) इकडे इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीला पुण्याचे बरेच जण येतात आणि वीकेंडला काय करायचं विचारतात, त्यांच्यासाठी लिहितोय. कोव्हेंट्री सिटी ह्या फुटबॉल क्लबचं सीबीएस अरिना, ३२ हजारांवर सीट्स, व्ह्यू झकास, स्टेशन शेजारीच. फक्त जागा गावाच्या टोकाला, एम६ मोटरवेजवळ, जुन्या गॅसवर्क्सवर बांधलंय, त्यामुळे मॅचआधी टाइमपास म्हणजे टेस्को सुपरमार्केट आणि क्लबचे जुने मॅनेजर जिमी हिल यांच्या पुतळ्यासोबत फोटो.

शेजारी कुणी जुना फॅन बसला असेल तर "कौन्सिल" (म्हणजे इथली महापालिका) शब्द काढू नका, अख्खा हाफटाइम त्यातच जाईल. क्लबचं हायफील्ड रोडचं ग्राउंड गेलं आणि २००५ ला हे लोक इथे आले ते भाडेकरू म्हणून, मालकी अर्धी कौन्सिलची अर्धी हिग्ज नावाच्या चॅरिटी ट्रस्टची, भाडं वर्षाला १२ लाख पाउंडांच्या वर. पुढे क्लब घसरला, मालक झाला सिसू नावाचा हेज फंड (गुंतवणूक कंपनी), त्यांनी २०१२ मध्ये भाडंच बंद केलं. कौन्सिलने मग स्टेडियमच्या कंपनीला १ कोटी ४४ लाख पाउंड कर्ज दिलं, त्यावर सिसू कोर्टात गेले आणि हरले. बरं झालं, भाडं थकवून वर घरमालकावरच केस म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा!

पण हाल फॅन्सचे. २०१३-१४ ला "होम" मॅचेस नॉर्दम्प्टनला, तर कित्येकांनी तिकीटच काढलं नाही, ग्राउंडबाहेरच्या टेकडीवर उभं राहून जेवढं दिसेल तेवढं बघायचे, आत सिसूला एक पैसा द्यायचा नाही म्हणून. ह्याला म्हणतात जिद्द.

आणि कौन्सिलने शेवटी काय केलं, तर २०१४ ला स्टेडियम वास्प्स ह्या बाहेरगावच्या रग्बी क्लबला दिलं, लीज २५० वर्षांचं. हे मला आजही पटत नाही, भांडण सिसूशी होतं, गावाच्या टीमशी नाही ना. परिणाम, वास्प्सशी करार जमला नाही आणि २०१९ पासून दोन सीझन परत गावाबाहेर, बर्मिंगहॅमला. २०२२ ला कॉमनवेल्थ गेम्सच्या रग्बी सेव्हन्समध्ये पिचची अशी वाट लागली की सिटीची पहिली होम मॅच पुढे ढकलावी लागली. त्याच वर्षी वास्प्सच बुडाले, स्टेडियम दुकानांच्या धंद्यातल्या माइक ॲशलीच्या फ्रेझर्स ग्रुपकडे गेलं, आणि २०२५ ला एकदाचं क्लबने विकत घेतलं.

स्टेडियमला ४ स्टार, एक लोकेशनचा कापला. कौन्सिलला दीड, तोही कोर्टात टिकले म्हणून. आणि थंडीत जाणार असाल तर कानटोपी विसरू नका, वारा लय बेकार असतो.